प्रतीक्षेचे भांडवल

गेल्या महिन्यात कोल्हापुरात बिंदू चौकाजवळ आमच्या कार्यकर्त्यांचा एक अभ्यासवर्ग झाला. विषय नव्या कामगार संहितांचा होता. खुर्च्या पन्नास मांडल्या होत्या, माणसे अकरा आली. आणि त्या अकरांपैकी आठ जण असे होते की, हा वर्ग झाला नसता तरी त्यांच्या मतांत यत्किंचितही फरक पडला नसता. वर्ग आटोपून आम्ही तिघे चौकातल्या चहाच्या गाड्यावर आलो. शेजारच्या बाकावर कॉलेजातली सहा मुले एका मोबाइलवर वाकली होती. दीड मिनिटाची एक चित्रफीत ती पाहत होती, मध्येच थांबवत होती, मागे नेत होती आणि पुन्हा पाहत होती.

“ती मागची भिंत बघ की. जुन्या भागातली खूण हाय तिच्यावर,” एक जण म्हणाला. दुसऱ्याला ते मान्य नव्हते. त्याच्या मते खूण तीच असली तरी रंग निराळा होता, आणि रंग निराळा त्याअर्थी कथानक पूर्वीच्या काळात घडणारे असले पाहिजे. तिसऱ्याने दोघांकडेही पुरावा मागितला. आमचा दुसरा चहा संपला तरी वाद संपला नव्हता. उठता उठता मी विचारले, हे आहे तरी काय? “गेम आहे काका, जपानी. अजून आलेला नाही.” मग येणार केव्हा? “तारीख दिलेली नाही. पण येणार बघा.”

जो खेळ अद्याप तयारही झालेला नाही त्याच्या दीड मिनिटाच्या चित्रफितीचे सहा मुले तासभर वाचन करतात. आणि ज्या संहितांनी त्यांच्या उद्याच्या नोकरीची मुदत, कामाचे तास आणि कामावरून कमी करण्याच्या अटी ठरणार आहेत, त्या वाचण्यासाठी त्यांच्यापैकी एकही शंभर पावले चालून येत नाही. घरी जाताना आमच्या एका सोबत्याने ठराविक उद्गार काढला : “पिढी वाया गेली.” हा लेख त्या उद्गाराच्या विरोधात लिहिला आहे.

प्रथम हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ. व्हिडिओ गेम म्हटला की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे गोळीबार आणि मोटारींच्या शर्यती येतात. ज्याला ही मुले रोल-प्लेइंग गेम म्हणतात तो प्रकार निराळा आहे. त्यात खेळणारा एक पात्र होतो, वाटेत सोबती जोडतो, गावोगाव हिंडतो, लोकांची गाऱ्हाणी ऐकतो आणि चाळीस, साठ, प्रसंगी शंभर तास एका दीर्घ कथेतून प्रवास करतो. कादंबरी, नाटक आणि सोंगट्यांचा डाव यांचे ते मिश्रण आहे म्हणा ना! जपानात हा प्रकार घरोघर पोहोचवला तो एनिक्स या कंपनीच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने. त्याचा पहिला भाग २७ मे १९८६ रोजी निघाला. कथा युजी होरी यांची, पात्रांची चित्रे अकिरा तोरियामा यांची आणि संगीत कोइची सुगियामा यांचे. तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी विक्रीस आला तेव्हा टोकियोतील दुकानांपुढे रात्रीपासून रांगा लागल्या आणि पहिल्याच दिवशी दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तो दिवस बुधवारचा होता. शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांना पोलिसांनी हटकल्याच्या बातम्या झाल्या. चौथा भाग १९९० साली आला तो रविवारी, ११ फेब्रुवारीला.

यातून एक दंतकथा जन्मली. जपानच्या संसदेने म्हणे कायदाच केला की, ‘ड्रॅगन क्वेस्ट’ कामाच्या दिवशी विकायचा नाही! ही गोष्ट जगभर सांगितली गेली आणि आजही सांगितली जाते. प्रत्यक्षात असा कायदा कधीच झाला नाही. सुटीचा दिवस निवडला तो कंपनीने. परंतु लोकांना ही कथा खरी वाटावीशी वाटली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या वाट पाहण्याची दखल राज्यसत्तेने घ्यावी, इतकी ती मोठी आहे, असे वाट पाहणाऱ्याला मनातून वाटत असते.

आता कोल्हापूरकराने या मुलांना हसावे काय? वाट पाहण्याचा आणि अंदाज बांधण्याचा छंद या शहराच्या हाडीमाशी खिळलेला आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, तेव्हापासून मोठ्या कुस्तीच्या आधी पेठापेठांतून जे तर्क लढवले गेले, त्यांची मोजदाद कोण करणार? कोणता पैलवान किती खुराक खातो, कोणाचा गुडघा दुखावला आहे, वस्तादाने कोणता डाव राखून ठेवला आहे, याची चर्चा महिनाभर चाले आणि कुस्ती पाच मिनिटांत निकाली होई. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांची गाठ पडायची असली म्हणजे आजही तेच घडते. १९२९ साली या शहरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. तिच्या नव्या बोलपटाविषयी आपले आजोबा काय थोडे अंदाज बांधत असतील? तेव्हा अंदाज बांधणे हा काही रिकामटेकडेपणाचा पुरावा नव्हे. ज्यावर जीव आहे त्याविषयी माणूस आगाऊ बोलतो, इतकेच.

मात्र एक फरक आहे आणि या लेखाचा सारा विषय त्या फरकाचा आहे. खासबागेतला पैलवान पेठेतल्या तालमीत घाम गाळताना दिसत असे. फुटबॉलचा खेळाडू शेजारच्या गल्लीत राहतो. तो वाईट खेळला तर दुसऱ्या दिवशी त्याला तोंडावर विचारता येते. ज्याची वाट पाहायची तो माणूस आणि वाट पाहणारा यांच्यात ओळखीचा, क्वचित भांडणाचा, पण प्रत्यक्ष संबंध होता. बिंदू चौकातल्या बाकावरची मुले ज्याची वाट पाहतात ते कारखाने समुद्रापलीकडे आहेत, त्यांचे मालक भागबाजारात आहेत, आणि मुलांची प्रतीक्षा हाच त्यांच्या धंद्याचा कच्चा माल झाला आहे.

हे कसे घडते ते एका उदाहरणाने पाहू. स्क्वेअर एनिक्स कंपनीने मे २००६ मध्ये ‘फायनल फँटसी व्हर्सस थर्टीन’ नावाचा गेम जाहीर केला. तो प्लेस्टेशन ३ या यंत्रासाठी येणार होता, आणि घोषणा झाली तेव्हा ते यंत्रदेखील विक्रीस आलेले नव्हते. ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आले. पुढे वर्षामागून वर्षे गेली. अधूनमधून एखादी चित्रफीत दाखवली जाई आणि तिच्यावर चाहत्यांचे वर्ष निघे. अखेर गेमचे नाव बदलले, दिग्दर्शक बदलला, आणि २९ नोव्हेंबर २०१६ रोजी तो ‘फायनल फँटसी फिफ्टीन’ म्हणून बाहेर पडला. घोषणेपासून दहा वर्षे लोटली होती. एवढ्यात यंत्राची पिढीही पालटली होती. जो गेम प्लेस्टेशन ३ साठी सांगितला होता तो त्या यंत्रावर आलाच नाही. तो आला प्लेस्टेशन ४ वर. ज्याने त्या एका गेमच्या आशेने पहिले यंत्र घेतले असेल त्याला दुसरे घ्यावे लागले. ज्या मुलाने घोषणा ऐकली तेव्हा तो दहावीत होता, तो गेम हाती येईपर्यंत नोकरीला लागून संसारी झाला असेल.

कोणी म्हणेल, मोठ्या कलाकृतीला वेळ लागतो. लागतो, आणि घाई करू नये हेही खरे. कारागिराला पुरेसा वेळ मिळावा हे म्हणणारे आपणच पहिले. प्रश्न वेळेचा नाही. वेळ सुरू होण्याआधी केलेल्या घोषणेचा आहे. वस्तू तयार नसताना तिचे नाव आणि चिन्ह दाखवले की त्याच क्षणी तिचा व्यापार सुरू होतो. २७ मे २०२१ रोजी, ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्याच्या बाराव्या भागाची घोषणा झाली तेव्हा लोकांना दाखवण्यात आले ते मुख्यत्वे शीर्षक. त्या शीर्षकातील ज्वालांच्या रंगावर जगभर तर्कांचे डोंगर उभे राहिले. त्यानंतर संगीतकार सुगियामा सप्टेंबर २०२१ मध्ये वारले आणि तोरियामा मार्च २०२४ मध्ये गेले. चाहते मात्र त्या शीर्षकाकडे पाहतच होते. या तर्कांचे वेतन कोणाला मिळते? कोणालाच नाही. त्यांचा लाभ कोणाला होतो? ज्या जाहिरातीसाठी कंपनीला पैसे मोजावे लागले असते ती जाहिरात चाहते स्वखुशीने, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या मोबाइलच्या खर्चात करतात. गिरणीमालकाला निदान कामगार सकाळी फाटकात यावा म्हणून भोंगा वाजवावा लागे.

यापुढची पायरी आगाऊ नोंदणीची. गेम बाजारात येण्यापूर्वीच पैसे भरा, म्हणजे नायकाला एक जादा तलवार किंवा निराळा अंगरखा मिळेल, अशी ही योजना असते. पूर्वी डब्यातल्या प्रती संपत असत, तेव्हा नोंदणीला काही अर्थ होता. आज गेम तारेतून घरात येतो. त्याच्या प्रती संपण्याचा संभवच नाही. तरीही नोंदणी चालू आहे, कारण तिच्यामुळे ग्राहक माल पाहण्याआधी बांधला जातो. बाजारात वांगे घेतानाही आपण ते दाबून पाहतो. येथे पाच हजारांच्या घरातली वस्तू न पाहता घ्यावयाची.

पाच हजार हा आकडा मी सहज लिहिला नाही. प्लेस्टेशन ५ हे यंत्र जपानात आणि अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२० रोजी आले. भारतात ते २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. त्याची किंमत होती ४९,९९० रुपये आणि भारतातील पहिली नोंदणी काही मिनिटांत संपली. इचलकरंजीत यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या बापाच्या हातात एवढी रक्कम महिन्या-दोन महिन्यांत साठत नाही. बाकावरच्या सहा मुलांना मी विचारले, तुमच्यापैकी यंत्र कोणाकडे आहे? एकाकडे होते, तेही जुने. इतर पाच जण त्याच्या घरी पाळीपाळीने खेळत किंवा दुसरा कोणी खेळतो ते मोबाइलवर पाहत. म्हणजे या पाचांच्या वाट्याला संबंध गेमपैकी पूर्णपणे स्वतःची अशी एकच गोष्ट येते, ती म्हणजे वाट पाहणे. विकत घेण्याची ऐपत नसलेल्यालाही वाट पाहता येते. म्हणूनच ती इतक्या उत्कटतेने पाहिली जाते, आणि म्हणूनच तिची टवाळी करणे क्रूरपणाचे आहे.

या सगळ्यातला मोठा विरोधाभास पुढेच आहे. ‘फायनल फँटसी’चा सातवा भाग ३१ जानेवारी १९९७ रोजी निघाला. त्याची कथा आपल्या वाचकांनी जरूर ऐकावी. एक वीज कंपनी भूमीतले प्राणतत्त्व शोषून वीज काढते आहे. शहर दोन मजल्यांचे आहे, वर पोलादी तबकावर सुखवस्तू राहतात आणि त्या तबकाच्या सावलीत खाली झोपड्या आहेत. कथेच्या आरंभीच काही बंडखोर त्या कंपनीची भट्टी उडवून देण्यास निघतात. त्यांचा मार्ग आपल्याला मान्य होणार नाही; पण शोषणाचे हे चित्र कोणत्याही प्रचारपत्रकापेक्षा अधिक मुलांपर्यंत पोहोचले आहे. जी गोष्ट आपण व्याख्यानांतून सांगू शकलो नाही ती त्यांना वयाच्या चौदाव्या वर्षी ठाऊक झाली आहे. आणि याच गेमची नवी आवृत्ती जून २०१५ मध्ये जाहीर झाली तेव्हा कंपनीने काय केले? १९९७ साली जी कथा एकाच खरेदीत मिळत होती तिचे तीन भाग पाडले, प्रत्येक भाग पूर्ण किमतीचा. पहिला एप्रिल २०२० मध्ये आला, दुसरा फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्यानंतर तिसऱ्याची प्रतीक्षा सुरू झाली. या भागांवर मेहनत झाली नाही, असे मी म्हणणार नाही. जाणकार त्यांची वाखाणणीच करतात. पण शोषक कंपनीविरुद्धच्या बंडाची कथा हप्त्याहप्त्याने विकण्यात या व्यवस्थेला काही अवघड वाटत नाही, एवढे नोंदवून ठेवू.

मग चाहत्यांनीच भांडवल घालून गेम काढावा काय? तोही प्रयोग झाला आहे. ‘सुइकोदेन’ या जुन्या गेमचे कर्ते योशिताका मुरायामा यांनी २०२० साली कंपन्यांची दारे सोडून थेट चाहत्यांकडे वर्गणी मागितली. ४६ हजारांहून अधिक लोकांनी ४५ लाखांहून अधिक डॉलर जमा केले. २३ एप्रिल २०२४ रोजी ‘एइयुदेन क्रॉनिकल’ हा गेम लोकांच्या हाती आला. परंतु मुरायामा तो दिवस पाहू शकले नाहीत. त्याच वर्षीच्या ६ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले होते. एका माणसाच्या शब्दावर हजारो अनोळखी लोकांनी विश्वास टाकावा आणि तो शब्द त्याच्या मागे त्याच्या सहकाऱ्यांनी पुरा करावा, ही हृद्य गोष्ट आहे. तरीदेखील कोल्हापूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला येथे एक प्रश्न पडतोच. आपल्या शेतकऱ्याने सहकारी साखर कारखान्याचा शेअर घेतला तेव्हा त्याला एक मत मिळाले. त्या मताचे पुढे काय झाले, सहकाराचे सम्राट कसे झाले, हा निराळा आणि कडू विषय आहे; पण कागदावर तरी तो मालक होता. सभेत उभा राहून हिशेब मागण्याचा त्याला अधिकार होता. गेमला वर्गणी देणाऱ्या त्या ४६ हजारांना ना भाग मिळाला, ना मत. त्यांना मिळाली एक प्रत आणि आभार. भांडवल त्यांचे, जोखीम त्यांची. मालकी मात्र नाही.

आतापर्यंत आपण वाट पाहणाऱ्याकडून पाहिले. आता दुसऱ्या टोकाला, म्हणजे काम करणाऱ्याकडे जाऊ, आणि त्यासाठी जपानपर्यंत जाण्याचे कारण नाही. ते टोक पुण्यात आहे. यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीची एक शाखा पुण्यात २००८ पासून आहे आणि दुसरी मुंबईत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ सालच्या गेमची नवी आवृत्ती करण्याचे काम या दोन शाखांकडे आले. तो जपानी नाही आणि रोल-प्लेइंगही नाही. पण प्रतीक्षेचा कायदा सर्वत्र सारखाच. एवढ्या मोठ्या गेमची प्रमुख जबाबदारी त्या कंपनीने भारतातल्या शाखांवर प्रथमच टाकली होती. १० सप्टेंबर २०२० रोजी पहिली चित्रफीत दाखवली गेली, जानेवारी २०२१ ची तारीख दिली गेली, आणि जगभरातून टीकेचा भडिमार झाला. चित्रे जुनाट दिसतात, चेहरे निर्जीव आहेत, आणि काहींच्या बोलण्यात ‘शेवटी भारतीयांचे काम’ असा सूरही होता. तारीख मार्चवर गेली, मग अनिश्चित काळावर, आणि मे २०२२ मध्ये ते काम पुणे-मुंबईकडून काढून कॅनडात माँट्रियलला नेण्यात आले.

टीका करणाऱ्यांचे चित्रांविषयीचे मत बरोबरही असेल. परंतु किती मुदतीत, किती माणसांत, कोणत्या साधनांनी हे काम करावयास सांगितले होते, हे त्या चित्रफितीत कोठे दिसत होते? काम तयार होण्याआधी ते दाखवायचे आणि तारीख आधी छापायची, हा निर्णय पडद्यापुढे बसून चेहरे रंगवणाऱ्या मुलाचा खास नव्हता. शिव्या मात्र त्याच्या वाट्याला आल्या. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी मुले अभियांत्रिकी आणि चित्रकला शिकून पुण्याला याच धंद्यात नोकरी शोधायला जातात. तेव्हा बाकावर बसून चित्रफितीला हसणारा आणि ती तयार करण्यासाठी रात्री जागवणारा हे एकाच गल्लीतले असू शकतात. चाहता आणि कारागीर यांची गाठ पडू न देणे, यातच या बाजाराचे कौशल्य आहे. पहिला फक्त चित्रफीत पाहतो, दुसरा फक्त तारीख पाहतो.

मग ही मुले निव्वळ फसवली गेलेली गिऱ्हाइके आहेत काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. २०११ साली निंटेंडोच्या वी या यंत्रासाठी जपानात निघालेले तीन रोल-प्लेइंग गेम उत्तर अमेरिकेत आणण्याची कंपनीची तयारी नव्हती. चाहत्यांनी तेव्हा ‘ऑपरेशन रेनफॉल’ या नावाने मोहीम उघडली. त्यांनी कंपनीला पत्रे लिहिली, दूरध्वनी केले, आणि एक नामी युक्ती योजली : त्यांपैकी ‘झेनोब्लेड’ या गेमची आगाऊ मागणी एका मोठ्या विक्रेत्याकडे ठराविक दिवशी एकदम नोंदवून त्याला विक्रीच्या यादीत वर नेऊन बसवले. जी आगाऊ नोंदणी ग्राहकाला बांधण्यासाठी होती तिचा उपयोग त्यांनी कंपनीला हलवण्यासाठी केला. एप्रिल २०१२ मध्ये ‘झेनोब्लेड’ उत्तर अमेरिकेत आला आणि पुढच्या वर्षभरात उरलेले दोन्हीही आले. हे केवळ मोहिमेमुळे झाले असा दावा करणे धाडसाचे ठरेल. पण सामुदायिक मागणीचे तंत्र त्या मुलांना कोणी कामगार नेत्याने शिकवले नव्हते, तरी ते त्यांना साधले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ‘मदर थ्री’ हा गेम जपानात २००६ साली निघाला. कंपनीने तो इंग्रजीत काढलाच नाही. मग २००८ साली चाहत्यांच्या एका गटाने संबंध गेमचा अनुवाद स्वतः करून तो लोकांना विनामूल्य दिला. हजारो संवाद, महिनोन्महिन्यांचे काम, मोबदला शून्य. येथे प्रतीक्षा संपली आणि कृती सुरू झाली. आपल्या बाकावरची मुले जपानी कथा इंग्रजीतून वाचतात आणि तिच्यावर कोल्हापुरीत भांडतात. मूळ भाषा आणि त्यांची भाषा यांच्यामध्ये एक तिसरीच भाषा उभी आहे, आणि ती ज्याला नीट येत नाही तो गल्लीतला मुलगा या कथांच्या दारातच राहतो. मराठीत असा एखादा गेम का असू नये, हा प्रश्न कंपनीला कधी पडणार नाही. तो आपल्याला आणि त्या मुलांना पडला पाहिजे.

वाट पाहण्याचे दोन प्रकार आहेत, हे कोल्हापूरला समजावून सांगण्याची गरज नसावी. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात व्हावे म्हणून येथील वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशकांहून अधिक काळ मागणी केली. त्या काळात अफवा काय थोड्या उठल्या? आज घोषणा होणार, उद्या होणार, अमुक मंत्र्याने शब्द दिला, तमुक न्यायमूर्ती अनुकूल आहेत. पण लोक नुसते तर्क लढवीत बसले नाहीत. मोर्चे निघाले, धरणी धरली गेली, काम बंद राहिले, सहा जिल्ह्यांचे वकील एकत्र आले. १८ ऑगस्ट २०२५ रोजी सर्किट बेंचचे काम सुरू झाले तेव्हा ते कोणी दान म्हणून दिले, असे शहराला वाटले नाही. गेमची आणि न्यायाची तुलना करणे काहींना गैर वाटेल. मी वस्तूंची तुलना करीत नाही; वाट पाहणाऱ्याच्या पवित्र्याची करीत आहे. एक जण विचारतो, ते काय देतील? दुसरा सांगतो, आम्हाला हे हवे. पहिल्याच्या प्रतीक्षेचे भांडवल दुसरा कोणी करतो. दुसऱ्याची प्रतीक्षा हेच त्याचे स्वतःचे भांडवल असते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्याविषयी आहे. तारीख न सांगता वाट पाहायला लावण्याचा दोष कंपन्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपणही गेली कित्येक दशके येऊ घातलेल्या नव्या समाजाचे शीर्षक आणि चिन्ह लोकांपुढे धरून उभे आहोत. आपले जाहीरनामे म्हणजे तरी काय, चित्रफितीच! त्यांतले बरेचसे ठरल्या वेळी आले नाही, काहींचे नाव बदलले, काहींचे दिग्दर्शक बदलले, आणि कैक वेळा आपण लोकांना जुने यंत्र टाकून नवे घ्यायला लावले. तरीही लोक थांबले. नंतर एकेक उठून गेले, आणि आपण म्हटले, पिढी वाया गेली. ज्यांनी काहीच दाखवले नाही त्यांच्यासाठी ही मुले दहा दहा वर्षे थांबतात, याचा अर्थ त्यांच्यातली आशा आणि चिकाटी शाबूत आहे. आपण त्यांना त्या आशेने करण्याजोगे काही काम दिले नाही, एवढेच सिद्ध होते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती अशी की, या मुलांपुढे व्हिडिओ गेमच्या दुष्परिणामांवर व्याख्यान देऊ नये. त्यांच्या बाकावर जागा मागून बसावे, गेमची कथा ऐकून घ्यावी, आणि मग तीन प्रश्न विचारावेत : हा कोण तयार करतो, तो किती तास काम करतो, आणि तुमच्या या तासभराच्या वादाचे पैसे कोणाच्या खिशात जातात? भिंतीवरच्या खुणेचा रंग ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, त्यांच्या नजरेतून नेमणूकपत्रातली मुदतीची ओळही सुटणार नाही. वाचायचे कसे हे त्यांना आपल्याहून चांगले येते. काय वाचायचे एवढेच आपण सुचवायचे आहे.

परवा मी पुन्हा त्या गाड्यावर गेलो होतो. पुण्यातल्या त्या गेमची हकिकत सांगितली. जो मुलगा पुरावा मागत होता त्याने विचारले, “मग काका, तारीख ठरवली कुणी?” मी म्हणालो, हेच आमच्या पुढच्या वर्गात शोधू या. तो येईल की नाही हे मी सांगू शकत नाही. वर्ग मात्र या वेळी आम्ही त्याच बाकावर घेणार आहोत, आणि खुर्च्या मांडणार नाही.